भारंगीला आवतण

दोन मडक्यांपैकी कोणतं आधी हुंगायचं, यावरून सातवीच्या वर्गात भांडण लागलं होतं.

“बाई, डावं नासलंय. मला हितूनच वास आला,” किसन म्हणाला.

“तुला वास येतोय तो तुझ्या सदऱ्याचा,” चांगुणा म्हणाली, आणि सगळा वर्ग खिदळला.

मी दोन्ही मडक्यांवरची फडकी काढली. सकाळी शाळा भरताना मुलांनी एकाच म्हशीचं दूध दोन्हींत निम्मं निम्मं ओतलं होतं. डावं मडकं ओढ्याच्या पाण्यानं विसळलेलं, उजवं चांगुणाच्या आजीनं दिलेल्या हिरवट, कडू पाण्यानं. शाळा सुटायला तासभर उरला होता. डाव्या मडक्यातलं दूध फाटून वर पाणी आलं होतं. उजव्यातलं सकाळी होतं तसंच होतं. किसननं खात्री करायला दोनदा बोट बुडवून चाटलं. तिसऱ्या वेळी मी त्याचा हात धरला.

“असं का झालं असेल?” मी विचारलं.

“कोंडाआजीला मंतर येतो,” किसन म्हणाला.

“मंतर-बिंतर काय नाय,” चांगुणा फणकारली. “ते भारंगीचं पानी हाये.”

अकोले तालुक्यात, डोंगराच्या कुशीतल्या उंबरदऱ्याच्या शाळेत तेव्हा मला पंचविसावं वर्ष चाललं होतं. उंबरदरा म्हणजे साठेक घरांची ठाकरवाडी. भारंगीचा कोवळा पाला तिथं पावसाळ्यात सगळेच खायचे, पण अलीकडे जरा लाजत. पाहुणा आला की बटाटा. भारंगी कडू असते. पाला उकळायचा, पिळायचा, पाणी फेकायचं आणि मग कांद्यावर परतायचा, ही सगळ्या बायांची रीत. एकट्या कोंडाआजीनं, म्हणजे कोंडाबाई पथवेनं, ते पाणी जन्मात कधी फेकलं नाही. दुधाची मडकी त्यानं विसळायची. शेळीला काटा लागला, कुणाच्या पायावर विळा बसला, की जखम त्यानंच धुवायची. चांगुणा तिची नात. तिनंच एके दिवशी वर्गात विचारलं होतं, “बाई, आमचं दूध सांच्यापारपर्यंत टिकतं, किसनच्या घरचं का नाय टिकत?”

अशा प्रश्नाची वाट पाहत शिक्षकाचं सगळं आयुष्य जातं. मी पुस्तक मिटलं, आणि पुढचे दोन महिने आमचा विज्ञानाचा तास भारंगीवरच चालला. वांग्याच्या फोडी केल्या. निम्म्या साध्या पाण्यात टाकल्या, निम्म्या भारंगीच्या पाण्यात. साध्या पाण्यातल्या काळ्या पडल्या, भारंगीतल्या बराच वेळ पांढऱ्या राहिल्या. मुलं घरी जाऊन आयांची वांगी चिरायला लागली. दोन आया शाळेत भांडायला आल्या.

शनिवारी वाडीतल्या एखाद्या जाणत्या माणसानं वर्गात येऊन काहीतरी शिकवायचं, असा मी प्रघात पाडला होता. कुणी टोपली विणायला शिकवलं, कुणी ढगांवरून वारा ओळखायला. कोंडाआजीला मी तीन वर्षं बोलावत होते. शेवटी एका शनिवारी ती आली, पण खुर्चीवर बसेना. दाराशी जमिनीवर बसली आणि मला म्हणाली, “तू बी खाली बस. उंचावरनं ऐकू येत नाय.”

मी बसले. ती वयानं मोठी आणि सगळ्यांनाच अरेतुरे करायची.

“आजी, भारंगीची झुडपं पोरांना दाखवशील?”

“वाघजाळीच्या उतारावं हायेत. पर पल्याडचा डोंगुर बघितला का तू? मुळ्यावाल्यांनी समदा उकरला. भारंगमूळ औषधाला जातं म्हनं. पाला खुडला तर चार दिसांत फुटतो. मूळ गेलं का संपलं.”

“पोरं मुळाला हात लावणार नाहीत.”

“पोरांचं नाय इचारत. तुझं इचारते.”

“माझा शब्द, आजी. त्या उतारावरचं एकही मूळ हलणार नाही.”

“तुझा शब्द पुस्तकातला का त्वांडातला?”

“तोंडातला.”

“मंग चालंल,” ती म्हणाली. आणि मग तिनं पोरांना आवतण शिकवलं. झाडाचा पाला औषधाला किंवा हंगामाच्या पहिल्या भाजीला न्यायचा असेल तर आदल्या दिवशी त्याच्याकडे जायचं. बुडाशी चार तांदूळ आणि एक सुपारी ठेवायची. म्हणायचं, उद्या येते, रागावू नगं. दुसऱ्या दिवशी डाव्या हातानं फांदी धरायची आणि उजव्यानं शेंडा खुडायचा.

“आन नाय बोलावलं तर?” किसननं विचारलं.

“तुला कुणी न सांगता उचलून नेलं तर तू काय करशील?”

“बोंबलीन.”

“झाड बोंबलत नाय. कडू व्हतं.”

पुढच्या आठवड्यात आम्ही चढून गेलो. एका रांगेत नाही, तर उतारभर विखुरलेली, माणसाच्या कमरेएवढी झुडपं होती. कुठे एका पेरावर तीन तीन पानं, कुठे जांभळट फुलांचे तुरे. मुलांनी मोजली, एकेचाळीस भरली. भूगोलात नकाशा शिकवायचाच होता, तो तिथंच शिकवला. पावलांनी अंतर मोजायचं, सूर्यावरून दिशा ठरवायची, खडक, ओहोळ, हिरड्याचं झाड अशा खुणा धरायच्या. चांगुणानं मोठ्या कार्डशीटवर सगळा उतार उतरवला आणि एकेक झुडूप लाल ठिपक्यानं दाखवून त्याला आकडा दिला. तसा नेमका नकाशा माझ्या नोकरीत मी दुसरा पाहिला नाही. मी तो वर्गात, फळ्याच्या वर लावला.

एवढं झाल्यावर मला यादव आठवला.

यादव याच वाडीतला, याच शाळेतला. पहिलीपासून मी त्याला शिकवलं. सातवीनंतर संगमनेरला माझ्या घरी राहून तो शिकला, माझ्या मुलांच्या ताटाशेजारी त्याचं ताट असे. एम. एस्सी. झाला आणि तालुक्याबाहेरच्या एका कॉलेजात तासिकांवर शिकवायला लागला. वाडीतला तो पहिला पदवीधर. त्याला मी पत्र लिहिलं, आणि पुढच्याच रविवारी तो पिशवी घेऊन हजर.

“बाई, हे तर मोठं काम आहे!” वांग्याच्या फोडींची वही वाचून तो म्हणाला. “दोन मुठी पाला द्या. मी प्रयोगशाळेत तपासतो.”

यादव येणार म्हणून चांगुणानं आदल्या दिवशी आवतण देऊन त्या सकाळीच दोन मुठी पाला खुडून ठेवला होता.

महिन्याभरानं तो काचेच्या सहा चपट्या बश्या घेऊन आला. मुलांनी त्याच्याभोवती कोंडाळं केलं. त्यानं समजावून सांगितलं, आणि फार छान सांगितलं, हे मला आजही मान्य करावं लागतं. बशीत जंतू वाढवले होते, त्यांचा दुधाळ थर पसरला होता. मधोमध कागदाची टिकली, तिला भारंगीचा अर्क लावलेला. टिकलीच्या भोवती गोल, स्वच्छ, रिकामी जागा दिसत होती. तिथं एकही जंतू वाढला नव्हता.

“चांदाला खळं पडलंय!” चांगुणा ओरडली.

“अगदी बरोबर. जेवढं खळं मोठं, तेवढा अर्क जोरदार,” यादव म्हणाला. मग वांग्याचं सांगितलं. “लोखंड गंजतं, फोड काळी पडते, तशीच आपल्या अंगातही हवा थोडी थोडी झीज करत असते. ती झीज रोखणारे पदार्थ या पाल्यात भरपूर आहेत. त्यांना म्हणतात अँटिऑक्सिडंट.”

“आंटी कोन?” किसननं विचारलं, आणि तो तास तिथंच संपला.

मुलं पांगल्यावर यादवनं फळ्यावर नजर टाकली. “हा नकाशा कुणी काढला?”

“मी,” चांगुणा म्हणाली.

“बाई, लेखाला जागेचा नकाशा जोडावा लागतो. याची झेरॉक्स काढून आणतो. परवा परत देतो. लेखात शाळेचं नाव घालीन, चांगुणाचं आणि कोंडाआजीचंसुद्धा.”

मी स्टुलावर चढून नकाशाच्या टाचण्या काढायला लागले. चांगुणानं माझा पदर हळूच ओढला. “बाई, आजीला इचारू का आधी?”

“अगं, कशाला? यादव परका आहे का? आपलाच आहे.”

तिनंच नकाशाची सुरळी केली, स्वतःच्या रिबिनीनं बांधली आणि त्याच्या हातात दिली. यादवनं शब्द पाळला. तिसऱ्या दिवशी नकाशा परत आला, सुरळीला रिबीनसुद्धा होती.

दिवाळीची सुटी संपवून मी उंबरदऱ्याला परतले, तेव्हा एस. टी.च्या थांब्यावर चांगुणा उभी होती. एरवी ती माझी पिशवी घ्यायला धावायची. त्या दिवशी म्हणाली, “चला,” आणि शाळेच्या वाटेला न लागता डोंगराच्या वाटेला लागली.

“काय झालं गं? आजी बरी आहे ना?”

“वर हाये.”

वाघजाळीचा उतार लांबूनच वेगळा दिसला. जिथं झुडपं होती तिथं खड्डे होते. कुदळीनं हातभर खोल उकरलेले, कडेला तांबडी माती, मातीवर वाळलेला पाला. मूळ तेवढं नेलं होतं, वरचं झुडूप मोडून टाकलं होतं. मी दहाबारा खड्डे पाहिले आणि मोजायचं सोडलं. प्रत्येक खड्ड्याभोवती गवत तुडवून गोल, उघडी जमीन झाली होती.

“खळी,” चांगुणा म्हणाली. एवढंच.

कोंडाआजी हिरड्याखाली बसली होती. तिच्यापुढे पदराच्या तुकड्यावर सुपाऱ्यांचा ढीग होता.

“मुळ्यावाले आले असतील,” मी म्हणाले. माझा आवाज मलाच खोटा वाटला. “आजी, मी तक्रार करते. वनखात्यात जाते. बाहेरच्या लोकांना एवढं धाडस...”

“भाईरचं कोन?” ती शांतपणे म्हणाली. एक सुपारी उचलून तिनं माझ्या तळहातावर ठेवली. “ही बघ. हरेक खड्ड्याच्या मातीत एकेक घावली. तांदूळ पाखरांनी खाल्लं आसंल. भाईरच्याला आवतण ठावं नाय, बाई. पल्याडचा डोंगुर उकरला त्यांनी एक दाना ठेवला न्हवता. ह्यानं आदल्या दिशी येऊन समद्यास्नी सांगितलं, उद्या येतो, रागावू नगं. आन मंग मूळ नेलं. ह्यो आपलाच हाये.”

आपलाच. माझाच शब्द होता तो. मी चांगुणाकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहत नव्हती. पायाच्या अंगठ्यानं माती खड्ड्यात लोटत होती.

तिनं आजीला नकाशाबद्दल काही सांगितलं नव्हतं. माझी वाट पाहिली होती, मी सांगेन म्हणून. आणि मी त्या क्षणी म्हणाले, “मला या सुपाऱ्या दे, आजी. मी येते जाऊन.” नकाशाचं नाव मी काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी यादवच्या कॉलेजात गेले. प्रयोगशाळेत तो एकटाच होता. मला पाहताच त्यानं लगबगीनं स्टूल पुसून पुढे केलं.

“बाई! निरोप तरी पाठवायचा. चहा सांगतो.”

“वाघजाळीची मुळं तू उपटलीस?”

तो हातातल्या फडक्याची घडी करत राहिला. “मी कुदळ हातातसुद्धा धरली नाही, बाई. एका औषध कंपनीची माणसं होती.”

“त्यांना जागा कशी कळली?”

“माझा लेख त्यांच्या लोकांनी वाचला. नमुना हवा म्हणाले. पाला पुरत नाही, मुळाचीही तपासणी करायची म्हणाले. मी नकाशा दिला. मला वाटलं, दोनचार मुळं नेतील. ते सगळंच नेतील असं मला काय ठाऊक?”

“लेखात चांगुणाचं नाव आहे?”

“संपादकांनी जागा नाही म्हणून...” तो थांबला. “बाई, सहा वर्षं मी तासांवर शिकवतोय. ते मला त्यांच्या प्रयोगशाळेत कायम घेणार आहेत. तुम्हीच म्हणायचा ना, यादव, तू खूप पुढे जा?”

मी रुमालाची गाठ सोडली आणि सुपाऱ्या त्याच्या टेबलावर ओतल्या. काही घरंगळत काचेच्या नळ्यांपर्यंत गेल्या. त्यानं त्या अडवायला हात पुढे केला आणि मध्येच आखडला.

“आवतण कुणी दिलं?”

लहानपणी गृहपाठ राहिला की यायचा तसा त्याचा आवाज आला.

“मी. आदल्या दिवशी एकटाच गेलो होतो.”

“का?”

“आवतण दिल्याशिवाय कसं नेणार, बाई?”

असं तो बोलला, आणि खरंच मनापासून बोलला. मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली आणि त्याच वेळी पहिलीतला यादव आठवला. पेरूच्या झाडावर चढण्याआधी त्याला नमस्कार करायचा.

“मोज,” मी म्हणाले.

“काय?”

“सुपाऱ्या मोज.”

त्यानं मोजल्या नाहीत. त्याला आकडा माहीत होता.

“एकेचाळीस आहेत,” मी म्हणाले. “दोनचार नेतील असं वाटलं होतं, तर दोनचार झुडपांनाच आवतण द्यायचं होतंस. एकेचाळीस सुपाऱ्या घेऊन चढलास, तेव्हा एकही राहणार नाही, हे तुला आदल्या दिवशीच ठाऊक होतं.”

तो खाली बसला. माझ्यासाठी पुसलेल्या स्टुलावरच बसला. मी सुपाऱ्या तिथंच सोडून निघाले. जिना उतरेपर्यंत मागून त्याच्या पावलांचा आवाज येईल असं वाटत होतं. आला नाही. त्यानंतर यादव मला कधी भेटला नाही. तो मोठ्या पदावर आहे, असं ऐकते.

वाडीत परतल्यावर मी थेट कोंडाआजीच्या झोपडीत गेले. ती नाचणी पाखडत होती. चांगुणा चुलीपाशी बसलेली.

“आजी, नकाशा मी दिला. यादवला. चांगुणा तुला विचारू म्हणत होती, मी तिला विचारू दिलं नाही.”

सूप थांबलं.

“तरीच,” आजी म्हणाली. “पोरगी चार दीस जेवली नाय. मला वाटलं, ताप हाये.” मग तिनं सुपातल्या नाचणीवरून बोटं फिरवली. “एक इचारते. तू शिकलेली हायेस. त्यानं शब्द मोडला तो कुनाचा? त्याचा, का तुझा?”

तिनं उत्तराची वाट पाहिली नाही. सूप पुन्हा हलायला लागलं.

पुढच्या शनिवारी वर्गात शिकवायला कुणी आलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. कुणी भांडलं नाही, वाटेत भेटलं की बाया “जेवली का, बाई?” विचारायच्याच. फक्त जाणतेपणाचं असं काही कुणी मला पुन्हा सांगितलं नाही. एखादी बाई पाला निवडत बसलेली असली आणि मी विचारलं, “हे काय?” तर म्हणायची, “आसंच. रानातलं.” दोन वर्षांनी माझी बदली झाली.

पण त्याआधी, वार्षिक परीक्षेत, मी सातवीला परिसराचा नकाशा काढायला सांगितला होता. चांगुणानं ओढा काढला, शाळा काढली, थांबा, हिरड्याचं झाड, सगळं पावलांच्या मापानं अचूक. वाघजाळीचा उतार मात्र कोरा होता. ओहोळाच्या पलीकडेही एक जागा कोरी सोडलेली होती, नखाएवढी, काळजीपूर्वक. मोडलेल्या झुडपांच्या अजून ओल्या असलेल्या कांड्या तिनं लावायला म्हणून ओच्यात गोळा केल्या होत्या, हे किसननं मला सांगितलं होतं.

“चांगुणा, इथं काही काढायचं राहिलं का गं?” मी पेपर घेताना हळूच विचारलं.

“राह्यलं नाय, बाई,” ती म्हणाली, आणि दिवाळीनंतर पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांत सरळ पाहिलं. “काढलं नाय.”

मी तिला पूर्ण गुण दिले.

या गोष्टीला आता सत्तावीस वर्षं झाली. कोंडाआजी गेली. चांगुणा पलीकडच्या वाडीत नांदते, तिथल्या बायांना बरोबर घेऊन भारंगीची रोपं वाढवते. दर आषाढात ती संगमनेरला येते आणि पळसाच्या पानांत बांधलेला भारंगीचा पाला माझ्यापुढे ठेवते. यंदाही आली. सुनेनं पाला उकळला, पिळला आणि पातेलं मोरीकडे न्यायला लागली, तशी चांगुणा उठली, “राहू द्या, वहिनी,” म्हणत तिच्या हातातून पातेलं घेतलं आणि पाणी बाटलीत भरून झाकण लावलं.

मग माझ्यापाशी येऊन बसली. खाली, जमिनीवर. मीही खाली सरकले. गुडघे आता लवकर ऐकत नाहीत.

“बाई, इतकी वर्सं झाली. पाला कुठनं आनते, ते तुम्ही कधी इचारलं नाय.”

“नाही.”

“इचारा की.”

“नको.”

“का वो?”

“विचारलं तर तू सांगशील,” मी म्हणाले.